माझ्या पोटातले नाव

मी एक जुना साचा आहे. तांब्याच्या जाड पत्र्याचा, आतून कल्हई केलेला, बोटभर लांबीच्या खणांचा. माझ्या प्रत्येक खणाच्या तळाशी एक शब्द उलटा कोरलेला होता: चॉकलेट. उलटा अशासाठी की वडी बाहेर पडल्यावर तो तिच्या अंगावर सुलटा उमटावा. आता ते नाव फक्त कोपऱ्यातल्या एका खणात उरले आहे. बाकीचे खण मुके झाले. मित्रांनो, ते कसे झाले ते ऐकून घ्या. त्या कोपऱ्यातल्या खणाकडे एक म्हातारा डोळे लावून बसला आहे, आणि त्याच्या मनासारखे माझ्याकडून काही केल्या घडत नाही.

तो म्हातारा म्हणजे माझा कारागीर. तरुणपणी त्याने एका तांबटाकडून मला घडवून घेतले. तांबट जीभ दातांत धरून अक्षरे कोरत असे आणि हा शेजारी उकिडवा बसून सारखा म्हणे, "खोल कोर, दादा. पुसट नको. नाव आहे ते!" तांबट शेवटी वैतागला. म्हणाला, "आता तूच आत जाऊन बस, म्हणजे तुझंच तोंड उमटेल."

दुकान पुढे आणि कारखाना मागच्या खोलीत. कारखाना कसला, दगडी पाटाचे एक टेबल, घरघरणारे दळणयंत्र आणि भाजलेल्या कोकोच्या बियांचा वास. त्या बिया दळायच्या, त्यांत साखर आणि कोकोच्याच बियांतून निघणारे पिवळसर कोको बटर घालायचे, आणि तो काळा, कोमट रस माझ्यात ओतायचा. रस निवला की वडी अंग चोरून घेते. मग मला कापडावर पालथे घालायचे आणि पाठीवर बोटाने टक् करायचे. वड्या घरंगळत बाहेर. अशा चकचकीत, की कारागीर त्यांत बघून केस सारखे करी.

ती चकाकी माझी एकट्याची नव्हती. कारागिराची बायको मला कधी पाण्याजवळ नेत नसे. काम संपले की मांडीवर घेई आणि कोरड्या कापसाच्या बोळ्याने खण न् खण पुशी. कोको बटरचा एक झिरझिरीत थर माझ्या पोटात राहत असे, तो कापसाने रोज घोटला जाई. तीच माझी कातडी; तिच्यामुळेच वडी न चिकटता सुटे. पुसताना ती गुणगुणे:

कापसाचा बोळा माझा, फिरे साच्याच्या पोटात,
निजलेल्या लेकराला जशी माय थोपटीत.
साच्या, माझ्या राजसा रे, नको धरू वडी घट्ट,
लेक सासरी धाडावी, नको मायेचा रे हट्ट.

मी हट्ट करत नसे. सगळ्या लेकी हसत सोडत असे.

मग ती गेली. पुढचा उन्हाळा असा पेटला की काचेच्या बरणीतला सगळा माल वितळून गोळा झाला. कोको बटर परवडेना. कारागिराने एक दिवस त्याच्या जागी कडक वनस्पती तूप घातले. वड्या उन्हात टिकल्या. मुलांना गोड लागल्या. कुणी काही विचारले नाही. कापसाची सवय तेवढी सुटली, कारण त्या मिश्रणाला माझ्या कातडीची फारशी गरजच नव्हती. आणि मी प्रत्येक वडीवर तेच नाव उमटवत राहिलो. मला दुसरे नाव येतच नव्हते.

कारागिराची लेक याच मिश्रणावर वाढली. बापाचे हात थरथरू लागले, नजर अधू झाली, तेव्हा तिने पदर खोचून मागची खोली ताब्यात घेतली. तिच्या लेखी हेच चॉकलेट.

आणि सरकारचा नियम आला. ज्या वडीत कोकोचे स्वतःचे बटर पुरेसे नाही, तिला चॉकलेट म्हणून विकता येणार नाही. तपासनीस बाई आल्या. आवाज मऊ, पण नजर सगळीकडे. त्यांनी डब्यातल्या तुपाचा वास घेतला, वडी हातात फिरवली.

"ताई, हे विकू नका असं मी म्हणत नाही. चॉकलेट म्हणून विकू नका."

"मग काय म्हणून विकू, मॅडम? साबण म्हणून?"

बाईंना हसू आले, पण त्यांनी ते गिळले. "वेष्टनावरचं नाव बदला. सोपं आहे."

"वेष्टनावर नाहीच आहे ते. अंगावर आहे." लेकीने मला उचलून त्यांच्यापुढे धरले.

बाई बराच वेळ माझ्या पोटात बघत राहिल्या. "मग एक तर आतला माल नावासारखा करा," त्या म्हणाल्या, "नाही तर नाव काढा. पुढच्या आठवड्यात येते."

त्या गेल्यावर बाहेरच्या खाटेवरून कारागीर म्हणाला, "पोरी, खरं करू या. एकदाच. तुझ्या आईच्या वेळचं. नाव असलेली एक अख्खी वडी मला बघायचीय, दिसतंय तोवर."

"झालं! आता म्हाताऱ्याला डोहाळे लागले," लेक म्हणाली, पण डोळे पुसून तिने खरेच कोको बटर आणवले. तो सांगत गेला, ती ढवळत गेली. मागच्या खोलीत कितीतरी वर्षांनी तो वास भरला. मित्रांनो, मी हरखून गेलो होतो.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. मी तेलकट, काळपट. तिला वाटले, असला कळकट साचा मॅडमना कसा दाखवायचा? बाईमाणसाच्या हाताला स्वच्छतेची जी ओढ असते, त्या ओढीने तिने मला उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवले आणि तारेच्या घासणीने घासायला घेतले. खसाखसा. प्रेमाने घासत होती हो ती! माझी कातडी सोलून निघत होती, कल्हईवर चरे पडत होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

आवाज खाटेपर्यंत गेला. "अगं, काय घासतेस? थांब! थांब गं!" कारागीर भिंतीला धरत आत आला, तेव्हा मी लख्ख होऊन टेबलावर पालथा पडलो होतो.

"साचाच तर धुतला, बाबा. त्यात काय एवढं?"

त्याने बोटे माझ्या आत फिरवली. "तुझ्या आईचा हात होता गं त्यावर," एवढेच तो म्हणाला. लेकीच्या हातातली घासणी गळून पडली. तिला कुणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटत राहिले, आईने शिकवले असेल.

तपासनीस बाई आल्या तेव्हा रस माझ्यात निवला होता. लेकीने मला पालथे घातले. टक्. काही नाही. टक्, टक्. काही नाही. शेवटी तिने मला टेबलावर आपटले. वड्या तुटल्या. अर्ध्या बाहेर आल्या, आणि नावाची बाजू माझ्या चऱ्यांत रुतून बसली. बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. नमुना तपासायला नेला, आणि पुढे निरोपही धाडला: हे चॉकलेट आहे, खुशाल तसं म्हणा.

पण म्हणायचे कशाला? वडी तर एकही धड नाही. नवी कल्हई करणारा आता सापडत नाही. तुटके तुकडे गिऱ्हाईक घेईना, आणि खरा माल रोज करायची घराची ऐपत नाही. शेवटी कारागीरच म्हणाला, "कानस आण."

त्याने स्वतः घासली ती अक्षरे, बोटांनी चाचपत. खोल कोर म्हणणारा तोच. एकेक खण गुळगुळीत होत गेला. कोपऱ्यातल्या शेवटच्या खणावर मात्र त्याने तळवा ठेवला. "एवढं राहू दे."

आता माझ्यातून तुपाच्या कोऱ्या वड्या पडतात. काउंटरवर मुले विचारतात, "मावशी, हे काय आहे?" लेक म्हणते, "गोड आहे. खा."

कोपऱ्यातल्या खणात मात्र ती दोन चमचे खरा रस करून ओतते. विकायला नाही, बापासाठी. रोज संध्याकाळी वडी तुटते. रोज ती नखाने अक्षरे मोकळी करते आणि कोरड्या कापसाने पुसत बसते. आईची ओवी तिला अर्धीच आठवते. कातडी काही धरत नाही. म्हाताऱ्याला आता खिडकीतला उजेड तेवढा दिसतो. "पडली का गं?" तो विचारतो. "उद्या पडेल, बाबा." तिचा उद्या संपत नाही, त्याचा संपत आला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू मळकट दिसली, तर घासणी उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, हिच्यावर कुणाचा हात आहे. आणि म्हाताऱ्यांनो, विचारायची वाट बघू नका. सांगून टाका.

आजही रस ओतला आहे. तो निवला. लेकीने मला पालथे धरले आहे, आणि म्हाताऱ्याने हात पुढे करून ओंजळ धरली आहे. तिने बोट उचलले. मी जीव एकवटून म्हणतो आहे, नको धरू घट्ट, राजसा, नको धरू.

टक्.