फिनाईलचं वाण

मित्रांनो, आमच्या गल्लीतल्या गोदाबाईला तोंडावर कोणी काही बोलत नाही, म्हणून मीच बोलते. बाई स्वच्छ आहे, ओटा रोज घासते, हे कबूल. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी फिनाईलच्या बाटल्या वाण म्हणून लुटतं का? वाट्या दे, गाळण्या दे. हिनं गल्लीभर फिनाईल वाटलं आणि माझ्या जिवावर उठली.

मी सांडपाण्याची एक जुनी टाकी आहे. चांदूर बाजारच्या अलीकडे आमचं गाव, तिथं एका गल्लीच्या टोकाला जमिनीखाली माझा मुक्काम. साऱ्या घरांच्या मोरीचं, संडासाचं पाणी माझ्याकडे येतं. मी नव्हते तेव्हा ते रस्त्यावरून वाहायचं आणि लेकरं तापानं फणफणायची. रश्मी नावाच्या इंजिनीयर पोरीनं मला बांधून घेतलं. आमची काळी माती भल्याभल्या भिंती फाडते. मला अजून एक चीर गेलेली नाही.

बांधून झाल्यावर तिनं माझ्या पोटात शेणाचा काला ओतला. गोदाबाईनं पदर नाकाला लावला. तेव्हा रश्मीनं तिला समजावलं की काकू, हे विरजण आहे. यातले बारीक जीव आत वाढतील आणि घाण खातील. तसंच झालं. माझं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून निथळून शाळेच्या झाडांना जाऊ लागलं. पाहुणे बघायला यायचे. माझ्याच झाकणावर उभे राहायचे आणि फोटो कर्दळीच्या फुलांचे काढायचे. असो.

मग ती संक्रांत आली. वाण फुकट कसं घालवायचं, म्हणून प्रत्येकीनं बाटली संडासात रिकामी केली. माझ्या पोटातले जीव मेले. घाण पचेना, नुसती साचू लागली. वास सुटला. वास सुटला म्हणून बायांनी आणखी फिनाईल ओतलं. कर्दळ पिवळी पडली. आता मुरूम टाकून टाकी बुजवा, असं लोक म्हणू लागले, आणि सगळ्यांत मोठा आवाज गोदाबाईचा.

रश्मी आली. झाकण उघडून तिनं सांगितलं की विरजण मेलं, फिनाईल बंद करा आणि चालू गोबरगॅसचा काला आणा. गल्लीत गोबरगॅस एकट्या चतुराबाईकडे. नवरा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. त्या संक्रांतीलाही बोलावलं नव्हतं. तरी बादल्या भरभरून तिनं स्वतः आणल्या. हे कोणामुळे झालं, ते विचारलंसुद्धा नाही. जाताना एवढंच म्हणाली, "अजून लागलं तं सांगजो, गोदे."

हळूहळू माझं पोट ठिकाणावर आलं. कर्दळीला कोंब फुटले. मित्रांनो, घासायचं तर ब्रशनं घासा, पण माझ्यासारखीच्या पोटात फिनाईल, तेजाब ओतू नका. आम्ही विटासिमेंटच्या दिसतो, पण आत जित्या असतो.

परवा गोदाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि माझ्या झाकणाला हळदकुंकू लावू लागली. डोळे भरले होते तिचे. मलाही वाईट वाटलं, पण मी तोंडावर सांगितलं:

"गोदे, मले कायले कुंकू लावून राहिली? फिनाईलचं म्या कवाच माफ केलं. चतुरेले बोलावलं नाही, ते माफ करनं माह्या हाती नाही. हा करंडा उचल आन् तिच्या दारी जाय."