शेजारची सीट

वन्संच्या लाल गाडीत दोनच माणसं बसत. एक वन्सं आणि दुसरं, ज्याची पाळी असेल ते. मागे सीटच नव्हती, फार तर एखादी छत्री आडवी राहायची. दातांचा दवाखाना चालवणाऱ्या बाईने असली रेसच्या मैदानातली गाडी घ्यावी, याला सुरुवातीला सगळ्या घराने नावं ठेवली. पुढे त्याच घराला गाडीचं वेड लागलं आणि तिचं नाव पडलं ठिणगी.

कुठे जायचं झालं की मंडळी फाटकापाशी उभी राहायची आणि वन्सं एकेकाला पोचवून परत यायच्या. सगळे मिळून टॅक्सीने जाऊ, असं कुणी म्हणत नसे. त्या सीटवर बसायला मिळणं हा मान होता. दुसरंही एक कारण होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

ठिणगीत बसलं की माणूस खरं बोलायला लागायचा. सीट इतकी खाली की पाय लांब करून बसावं लागे, दोघांचीही नजर समोर रस्त्यावर, आणि इंजिन असं गुरगुरायचं की बाहेरच्याला आतलं अक्षर कळू नये. वन्सं काही विचारायच्या नाहीत. दवाखान्यात त्या माणसाचं तोंड उघडायच्या आणि त्याला बोलू द्यायच्या नाहीत. गाडीत त्याचं तोंड आपोआप उघडायचं. ऐकलेलं त्या पोटात ठेवायच्या. घरातल्या निम्म्या भानगडी त्या सीटवर मिटल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या तिथेच पहिल्यांदा कळल्या होत्या.

वहिनीसुद्धा एकदा त्या सीटवर बोलल्या होत्या. लग्न नवं होतं. बाजारातून परत येताना त्या एकदम म्हणाल्या, "वन्सं, मला या घरात राहवत नाही." वन्संनी गिअर बदलला, फाटक मागे टाकलं आणि तळ्याला मोठा वळसा घातला. वहिनींचं सगळं बोलून झाल्यावरच गाडी घराकडे वळली. तो विषय पुन्हा निघाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून घरात कुठलीही गोष्ट ठरवताना वहिनींना आधी विचारलं जाऊ लागलं. तेव्हापासून वहिनींचा या नणंदेवर जीव होता.

त्या सीटवर बसूनही बोलला नाही असा माणूस घरात एकच, तो म्हणजे वहिनींचा नवरा, वन्संचा थोरला भाऊ. तो कोट शिवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. गाडीत बसले की मास्तर डोळे मिटून म्हणायचे, "हं, चालव." शिलाईत एवढा मोकळा हात असलेला माणूस बोलण्यात इतका चिकट कसा, हे वहिनींना कधी उमगलं नाही.

मग मास्तर पडले. दुकानात वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना स्टूल सरकलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नवा सांधा बसला, डॉक्टरांनी उत्तम झालंय म्हणून सांगितलं. आता फक्त चालायचं होतं, आणि नेमकं तेच मास्तर करेनात. दुकानाच्या मागे घर होतं. तिथल्या खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवसभर बसून राहायचे. चालायचा वॉकर कोपऱ्यात उभा होता, त्यावर टॉवेल वाळत घातले जायला लागले. व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर म्हणायचे, "टॅक्सीत? परक्या माणसाच्या देखत मला पोत्यासारखं चढवायचं नाही." आणि ठिणगीत बसायला डॉक्टरांची बंदी. गुडघ्यापेक्षा खाली बसलं तर नवा सांधा निखळायची भीती.

डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. आता चालले नाहीत, तर ही खुर्ची कायमची.

वहिनींनी सगळं करून पाहिलं. गोड बोलल्या, रागावल्या, एक वेळ अबोला धरला. पण न बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरून उपयोग काय, त्याला पत्ताच लागला नाही. शेवटी त्या वन्संपुढे म्हणाल्या, "यांच्या पोटात काहीतरी आहे. नुसता आळस नाही हा. आता ठिणगीत बसता आलं असतं ना, तर बोलले असते."

वन्सं उठून दुकानात गेल्या आणि मास्तरांची मापाची पट्टी गळ्यात घालून बाहेर आल्या. भावाच्या पुढ्यात फरशीवर बसून त्यांनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं.

"काय करतेस चिमे?" मास्तर म्हणाले. जगाच्या डॉक्टरबाई त्यांच्यासाठी अजून चिमीच होत्या.

"पँट शिवतेय तुझी," वन्सं म्हणाल्या आणि पट्टीवर खडूने खूण केली.

त्यानंतर दोघी नणंद-भावजय गाड्यांच्या शोरूम धुंडाळत फिरल्या. विकणारे गाडी किती लांब जाते, किती लवकर पळते ते सांगत राहायचे आणि वन्सं दार उघडून खाली वाकून सीटची उंची मोजत राहायच्या. बहुतेक गाड्या पट्टीच्या खुणेखाली नापास झाल्या. एकाने विचारलं, "मॅडम, इंजिन बघायचं नाही का?" वन्सं म्हणाल्या, "नंतर." शेवटी एक विजेवर चालणारी, राखाडी, लांबुळकी, चार दारांची गाडी सापडली. बटण दाबलं की तिची पुढची सीट वर यायची आणि खुणेच्याही वर जायची. दार चांगलं ऐसपैस उघडायचं, मागे तिघांची जागा, डिकीत वॉकर मावत होता. दिसायला मात्र शहाण्या मुलीसारखी, एकही खोडी नसलेली.

"घेतली," वन्सं म्हणाल्या. "जुनी देऊन."

ठिणगी सोडायला वहिनी बरोबर गेल्या. शोरूमच्या मागच्या अंगणात गाडी उभी केल्यावर वन्सं उतरल्या, वळसा घालून वहिनींच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तू पलीकडे हो. माझ्या जागेवर बस."

वहिनींना सायकलसुद्धा धड येत नव्हती. त्या कशाबशा स्टिअरिंगमागे सरकल्या. वन्सं शेजारच्या सीटवर बसल्या, पाय लांब केले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"इतक्या वर्षांत या सीटवर मी कधी बसलेच नाही बघ," त्या म्हणाल्या.

वहिनीही समोरच बघत राहिल्या. या गाडीत कसं वागायचं, हे त्या याच बाईकडून शिकल्या होत्या.

"मला फार वाईट वाटतंय, वहिनी. माझं म्हणून जे काही होतं ना, ते एवढंच होतं. दवाखाना लोकांचा, घर तुम्हा सगळ्यांचं. दादासाठी देतेय, आणि पुन्हा विचारलंत तर पुन्हा देईन. पण हसत हसत देतेय असं कुणी समजू नये." त्यांनी दाराच्या कातड्यावरून हात फिरवला. "दादाला यातलं काही सांगू नकोस."

"नाही सांगत," वहिनी म्हणाल्या.

वन्संनी नाक पुसलं, उतरल्या, आणि किल्ली घ्यायला आलेल्या माणसाला बजावलं, "सकाळी गार असते तेव्हा दुसरा गिअर घासतो. घाई करायची नाही, तिला थोडा वेळ द्यायचा." मग मागे न बघता राखाडी गाडीत जाऊन बसल्या. वहिनींना वाटलं, आपल्याला हे जमलं नसतं. आपण दिलं असतं, पण दहा जणांना सांगितलं असतं.

व्यायामाच्या दवाखान्यात जायचा दिवस उजाडला. वहिनी एक्स-रेचं पाकीट घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या आणि सवयीने गुरगुर ऐकू येते का म्हणून कान लावला. काही ऐकू येईना. "आज उशीर झाला वाटतं," असं पुटपुटत वळल्या तर गाडी पाठीशी उभी.

"घाबरलीस की काय?" वन्सं काच खाली करून म्हणाल्या.

चिमीची गाडी म्हटल्यावर मास्तरांना नाही म्हणता येईना. वॉकर धरून ते कुरकुरत बाहेर आले. बटण दाबताच सीट वर आली. मास्तर पाठमोरे टेकले, मग एकेक पाय आत घेतला. कुणालाही त्यांना चढवावं लागलं नाही. त्यांनी आत सगळीकडे पाहिलं, सीटची शिवण अंगठ्याने चाचपली. "टाका सरळ आहे," ते म्हणाले. मास्तरांकडून ही मोठीच शाबासकी होती.

वहिनींनी दार लावलं, दोन पावलं मागे सरकल्या आणि हात हलवला. वन्संनीही हात हलवला. गाडी निघून गेली.

समोर चष्म्याचं दुकान होतं. तिथल्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही नाही गेलात?"

"मला न्यायला येतील ना. माझी पाळी नंतर."

"अहो, पण मागची सीट तर रिकामी होती."

वहिनी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. एक्स-रेचं पाकीट त्यांच्या काखेत होतं. वॉकर फाटकाला टेकून उभा होता. सगळा जन्म एकेकाने गाडीत बसण्यात गेलेला, त्यामुळे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. चष्मेवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनींनाही हसू आवरेना. वन्सं गाडी चालवताना फोन घेत नसत, त्यामुळे वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

मग कधीतरी त्यांचं वळणाकडे लक्ष गेलं. राखाडी गाडी तिथे झाडाखाली येऊन थांबलेली होती. कधी आली कोण जाणे. वहिनी वॉकर उचलून लगबगीने निघाल्या आणि निम्म्या वाटेत थबकल्या.

काचेतून मास्तर दिसत होते, आणि ते बोलत होते. पडल्यापासून मांडीवर निपचित असलेले त्यांचे हात हवेत हलत होते. मधेच त्यांनी हाताने कात्री चालवल्यासारखं केलं आणि मग तोच हात डोळ्यांवर धरला. वन्सं समोर बघत बसल्या होत्या, तशाच, पूर्वीसारख्या.

वहिनींना आनंद झाला आणि त्याच वेळी लागलंही. शेजारी आयुष्य काढलेल्या बायकोला जे सांगवलं नाही, ते बहिणीला सांगत होता हा माणूस. पण आपण दार उघडलं की ते तोंड पुन्हा मिटेल, हेही त्यांना कळत होतं. काचेपलीकडून वन्संची नजर त्यांच्यावर पडली. वहिनींनी बोट हवेत गोल फिरवलं. एक चक्कर मारून या. दवाखान्याची वेळ टळली तर टळू दे.

गाडी आवाज न करता निघून गेली. वहिनी चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. बाईंनी पाणी आणून दिलं आणि शहाण्यासारखं काही विचारलं नाही.

या वेळी गाडी थेट त्यांच्यापुढे येऊन थांबली. काच खाली गेली. मास्तरांचे डोळे लाल होते.

"अगं, मागे बस."

"तुम्ही दोघं जाऊन या. मी वॉकर टाकते डिकीत."

"मागे सीट आहे की," मास्तर म्हणाले. "मग बस ना."

वहिनी मागे बसल्या. गाडी निघाली. मास्तर समोर रस्त्याकडे बघत, अगदी हळू आवाजात बोलायला लागले.

"मी पडलो ना, तेव्हा लगेच तू आलीस असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही. मी बराच वेळ फरशीवर पडून होतो. तुला हाका मारत होतो. तू आत शिलाईच्या मशीनवर होतीस, त्या खडखडाटात तुला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. वाटलं, इथेच संपलं. आता उठून उभा राहिलो की मला तीच फरशी दिसते. मला भीती वाटते गं. म्हणून चालत नाही मी." थोडं थांबून ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू ते मशीन पुन्हा चालवलं नसतंस. म्हणून बोललो नाही."

वहिनींनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ठिणगी असती तर यातला एक शब्द मागे ऐकू आला नसता. मुळात मागे कुणी असतंच कुठे. या शहाण्या गाडीत शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"मशीन मी चालवणार," वहिनी म्हणाल्या. "पण मधलं दार उघडं ठेवून. आणि तुम्ही दुकानात कापड बेतायच्या टेबलाशी उभे राहणार. हाक मारायची नाही, नुसतं खोकलात तरी येईन."

मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. वन्संनी दवाखान्याचं वळण मागे टाकलं आणि तळ्याचा रस्ता धरला. वहिनींनी ते ओळखलं.

दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा वेळ टळून गेली होती, पण तिथल्या मुलीने घेतलं आत. वन्संनी डिकीतून वॉकर काढून पुढ्यात ठेवला. मास्तरांनी दोन्ही मुठी आवळल्या, एकदा फरशीकडे पाहिलं आणि उभे राहिले. पाय थरथरत होते. ते तसेच उभे राहिले.

मग बहिणीकडे बघून म्हणाले, "चिमे, ठिणगी देताना तुला वाईट वाटलं असेल."

वन्संनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली, मी काही सांगितलं नाही म्हणून. वन्संना काहीतरी हसण्यावारी न्यायचं होतं, ते त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण त्यांनी ते गिळलं.

"परत जाताना गाडी हळू चालवते," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगते. दोघांनाही."