आक्कानं पोर मागितली

"हळू की गं! तुटंल ते!" सेमिसी वरडला.

लोसेनं पहार बाजूला टाकली आणि हातानंच माती उकरायला लागली. कोनफळ तिच्या मांडीएवढं जाड, खाली कुठवर गेलंय ठाव नाही. एउआ बेटाची ती तांबडी माती, पावसानं चिकट झालेली, बोटांना सोडता सोडत नव्हती. समुद्राकडनं वारा असा सुटला होता की चार हातांवरचं बोललेलं ऐकू येईना.

"बा, तू घरी जा. मगासधरनं कंबर धरून हुबा हाईस. म्या काढते."

"आन् गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनतंच हाय की."

ते मात्र खरं. पोरीबाळींनी घरात बसून चटया विणायच्या आणि शेत बाप्यांनी करायचं, ही तिथली रीत. पण विका, म्हणजे लोसेची आई, मेली आणि सेमिसीच्या घरात रीत पाळायला माणसंच उरली नाहीत. बाप चुलीवर अळकुड्या करपवायचा आणि पंधरा वर्षांची लेक माती खणायची. आधी आधी सेमिसीला लाज वाटली. मग कंबर गेली आणि लाजायला सवड राहिली नाही.

बांधावरनं शेजारची फाताई म्हातारी चालली होती. ती थांबली.

"काय रं सेमिसी, गडी झ्याक ठेवलायस! मजुरी काय देतोस?"

"पोटाला घालतो, म्हातारे."

"हस, हस बाबा. तुझी आक्का उतरलीया बोटीतनं. लाविनिया. मानाची नवी चटई कमरेला गुंडाळून तुझ्या घराकडंच निघालीया. काय तरी मागाय आलीया बघ."

सेमिसीचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. बहीण मागेल ते भावानं द्यायचं. डुक्कर म्हणाली तर डुक्कर, पीक म्हणाली तर पीक. बहिणीला नाही म्हणणारा भाऊ त्या बेटावर कुणी बघितलेला नव्हता. आणि या घरात आता मागण्यासारखं काय राहिलं होतं? त्यानं लेकीकडं बघितलं.

घरी आले तर लाविनिया आत मधोमध बसलेली. सेमिसीनं बाहेरच पाय धुतले, मळकी का होईना, बहिणीच्या मानाची चटई कमरेला बांधली आणि मागच्या स्वैपाकाच्या छपरात जाऊन बसला. मोठं झाल्यावर भाऊ-बहिणीनं एका छपराखाली बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. मधे निरोप न्यायला कुणीतरी लागतं. पहिलं ते काम विका करायची. आता लोसे.

"ये गं, हात दाव," आत्या म्हणाली. लोसेनं हात पुढं केले. नखांत माती, तळव्याला घट्टे.

"आगं बया बया! ह्ये पोरीचं हात हाईत? जा, बापाला सांग. म्हनावं, आक्का पोरीला न्ह्याय आलीया. राजधानीत माझ्या घरी ऱ्हाईल, शाळा शिकंल, विनाय शिकंल. माझी सासू अंथरुनाला खिळलीया, तिच्याकडं बघंल. माघारीच्या बोटीनं जायाचं."

लोसे परसातनं मागं गेली. शाळेचं नाव फुकटचं होतं, हे तिला कळत होतं. अशीच मागून नेलेली एक चुलतबहीण त्या सासूची घाण काढत बसली होती, शाळेचं दार तिनं बघितलं नव्हतं. पण त्याहून मोठं भ्या दुसरं होतं. आई गेल्यावर पहिले काही महिने बाप चूल पेटवायचंही विसरला होता. समोर पान ठेवावं तेव्हा जेवायचा, नाहीतर भिंतीकडं बघत बसायचा. आपण गेलो तर तो जगेल कसा?

तिनं निरोप जसाच्या तसा सांगितला.

सेमिसीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग घसा खाकरून म्हणाला, "सांग, म्हनावं, आक्का, पोर तुझीच हाय. मागायचं कशाला? खुशाल ने."

"बा!"

"जा म्हनतो न्हवं! आक्कानं मागितलं, विषय मिटला." आणि त्यानं तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते.

लोसे परत गेली. दारात उभी राहिली, हात मागं बांधले.

"बा म्हनतोय, पोर देनार न्हाई."

"काय?"

"देनार न्हाई म्हनतोय."

लाविनियाचं तोंड उघडंच राहिलं. मग ती उठली. आजवर तिनं जे केलं नव्हतं ते केलं. परसात उतरली आणि थेट छपरापाशी जाऊन भावासमोर उभी राहिली. सेमिसी धडपडत उठला, मान खाली घातली. मिसरूड फुटल्यापासनं बहीण एवढ्या जवळ उभी राहिलेली त्याला आठवत नव्हती.

"सेमिसी, पोर देनार न्हाई म्हनून तू म्हनलास?"

सेमिसीनं बहिणीच्या खांद्यावरनं लेकीकडं बघितलं. लोसे दारात खांबाला धरून उभी. एक शब्द बोलला असता, "न्हाई," तर तो सुटला असता. पण मग पोर खोटारडी ठरली असती, आणि खोटारडी म्हणून तिला आत्याच्या दारात जन्म काढावा लागला असता.

"व्हय, आक्का," तो म्हणाला. "म्याच म्हनलो."

लाविनियानं कमरेची चटई आवळली.

"बरं," लाविनिया म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "मग हिच्या लग्नात आत्याच्या मानाच्या जागी बसाय मला बलवू नगंस. आन् विकाच्या चटया काढ. त्याला तरी न्हाई म्हनू नगंस."

त्या चटया विकानं लेकीच्या लग्नासाठी विणल्या होत्या, केवड्याच्या पानांच्या, कापडासारख्या मऊ. सेमिसीनं गाठोडं स्वतः खांद्यावर घेतलं आणि बहिणीच्या मागं चार पावलं अंतर ठेवून बोटीपर्यंत पोचवून आला. बहिणीला नाही म्हटल्याची बातमी त्यांच्या पुढं गेली होती; वाटेत माणसं दारात येऊन बघत होती. कुणी हाक मारली नाही. फाताईनंसुद्धा तोंड आत घेतलं.

परत आला तेव्हा लोसे चुलीपुढं बसून रडत होती.

"मार मला, बा."

"कोनफळ उकडलंस?"

"मला वाटलं, तू माझं नाव सांगशील."

"सांगनार व्हतो. जिभंवर आलं व्हतं." तो चुलीपाशी बसला. "मग वाटलं, ह्ये तर म्याच बोलाय पायजे व्हतं. ल्हान पोरीनं बोलायची वेळ आली."

"आईच्या चटया गेल्या."

"गेल्या." मग त्यानं विचारलं, "काय सांगितलंस गं नेमकं? आडून आडून सांगितलंस?"

"न्हाई. देनार न्हाई म्हनतोय, एवढंच."

"एवढंच? आगं, माझ्या नावानं माफी तरी मागायचीस की, बये!"

आणि तो हसायला गेला, पण हसता हसता बाप्या माणसासारखा माणूस तोंडावर हात घेऊन हमसून रडायला लागला. लोसेनं उकडलेलं कोनफळ सोलून त्याच्यापुढं ठेवलं, आणि तो खाईपर्यंत तिथनं हलली नाही.