लाल कापडाचा मान

आमच्या न्तोन्सो गावात कापडावर ठसे मारणारी घरं पुष्कळ, पण कुणाचं माणूस गेलं की अंत्यविधीला नेसायच्या कापडांसाठी लोक फ्रेमाकडेच यायचे. तिच्या ठशाची रेघ कधी फुटत नसे. मी तिच्या शेजारीच ठसे मारते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

बादू सत्तावीस वर्षं तिच्या घरात राहिला. दोघांची मुलगी अचिआ कुमासी शहरात शिक्षिका आहे. शेवटची दोन वर्षं बादू अंथरुणावर होता. त्याचं हगणं-मुतणंसुद्धा फ्रेमानं काढलं. फक्त लग्न पक्कं करायची दारू घेऊन त्याचे लोक तिच्या माहेरी कधी गेले नव्हते. ‘पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता राहूनच गेलं.

तो गेल्यावर त्याची बहीण पोमा कापडांचा गठ्ठा घेऊन आली. “बावीस लाल आहेत, घरच्यांची. सगळ्यांवर एकच ठसा मार.”

“तेवीस लागतील, वन्सं.”

“वन्सं कुणाला म्हणतेस? दारू आली होती का तुझ्या दारात? तू काळं नेस, गावातल्या इतर बायकांसारखं.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “परत पाठव तो गठ्ठा.”

“आणि दुसऱ्या कुणी वाकडेतिकडे मारले म्हणजे?” फ्रेमानं झाडाच्या सालीचा रंग चुलीवर चढवला. तीन दिवस ती उन्हात ओणवी होती.

अंत्यविधीला ती स्वतःचं जुनं लाल कापड नेसून आली आणि सरळ घरच्यांच्या रांगेकडे गेली. तिला अडवलं ते अचिआनं.

“आई, तमाशा नको. शवपेटी मी आणली म्हणून मला तरी इथं बसू दिलंय.”

“मी कुठं बसू?”

“मागं. आणि आधी हे बदलून ये.”

फ्रेमा घरी गेली, काळं नेसून आली, माझ्याशेजारी बसली. मग आम्ही बाहेरचे लोक घरच्यांशी हात मिळवत सांत्वनाला निघालो. तिनं पोमाचा हात हातात घेतला, सोडला. अचिआसमोर मात्र थांबली.

“तुमचे वडील गेले,” ती म्हणाली. “फार वाईट झालं.”

मग तिचा हात सोडून ती पुढच्याकडे वळली.

आता सुट्टीत अचिआ येते. फ्रेमा तिला उकडलेल्या कंदांचं फुफू कुटून वाढते, पुरेसं झालं का विचारते. पण अजूनही तिला अहो-जाहोच करते.