नवव्या चॅनलचा अँटेना

मित्रांनो, तिसगावातल्या एका घरावर, गंजक्या पाइपाला बांधलेला अँटेना दिसतो ना, तो मीच.

गावात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दाऊदभाईंनी मला घडवलं. काड्या कापण्याआधी ते तीनतीनदा मापायचे. शेजारशेजारच्या टीव्ही केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून सरकारने प्रत्येकाला वेगळा चॅनल वाटून दिला होता. आमच्या केंद्राला नववा मिळाला. माझ्या काड्या त्याच मापाच्या.

या घरातल्या पुंजाराम आणि रंगुबाईंची आरती तेव्हा दहा वर्षांची. तिच्या शाळेच्या गाण्यांचं टीव्हीसाठी चित्रीकरण झालं, आणि लगेच आईबापांना ऊसतोडीला निघावं लागलं. आरती मावशीकडे राहिली.

"दादा, मी पुढच्या रांगेत हाय. बघाल ना?" तिने बापाला विचारलं.

"बघू की!" म्हणत पुंजारामने टीव्ही आणि मलाही ट्रॅक्टरवर चढवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्याने मला तळावरच्या कोपीबाहेर, पाचटाच्या त्या झोपडीबाहेर, उंच बांबूवर बांधलं. पण त्या भागातल्या केंद्राचा चॅनल चौथा होता. त्याच्या लांब लहरींना माझ्या तिप्पट लांबीच्या काड्या लागतात. हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"आवो, जरा उगवतीला फिरवा!" रंगुबाई आतून ओरडल्या.

पुंजाराम मला फिरवत राहिला. "दिसली का?"

"नुसता आवाज येतोय. त्यात आपल्या आरतीचा कोनता, कळंना."

गाणी संपली. मी काहीच करू शकलो नाही.

त्याच महिन्यात आरतीला ताप चढला. चौथ्या दिवशी ती गेली. ऊसतोडीच्या तळावर निरोप उशिरा पोचला. दोघं गावी आले तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुंजाराम मला घेऊन दाऊदभाईंकडे गेला. "ते गानं परत दाखवत्याल का वो?"

दाऊदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या काड्यांवरून हात फिरवत ते म्हणाले, "तिकडं चॅनल येगळा हाय, पुंजाराम. मला इचारलं असतंस तर..."

ते गाणं परत कधीच लागलं नाही. रंगुबाई मात्र लहान मुलांचा कार्यक्रम लागला की हातातलं काम टाकून पडद्याजवळ बसायच्या. पुंजाराम गेला. पुढं केंद्रही बंद झालं. आता माझ्यापर्यंत काहीच येत नाही.

परवा सून निकिताने विचारलं, "आत्याबाई, भंगारवाला आलाय. वरचा अँटेना देऊ का?"

रंगुबाईंनी अंगणात येऊन वर पाहिलं. "नगं, बाई. त्याच्यात माझी पोर दिसायची ऱ्हायलीय."

मित्रांनो, निकिताने विचारलं म्हणून मी अजून उभा आहे. जुनी वस्तू काढून टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्हीही एकदा विचारत चला.