मासळीचा शंख

ओरियल भोंग्याचं हँडल गरगर फिरवत होती आणि केझरिन कठड्यावर बसून, भाजलेला नीरफणस खात, तिची मजा बघत होती.

वेधशाळेच्या बाईंनी अख्ख्या गावातून भोंग्यासाठी निवडलं ते ओरियललाच. पिवळं जॅकेट तिला, वॉकीटॉकी तिला! दोघी मावसबहिणी, एकाच बाकावरच्या. पण सूफ्रिएर ज्वालामुखीच्या पोटात काय खदखदतंय ते आधी कळणार ओरियलला. त्या जॅकेटचा पिवळा रंगसुद्धा केझरिनच्या डोळ्यांत खुपायचा.

भोंगा कोकलत होता. कुणी जागचं हलेना.

"झाली का गं तुझी तालीम सुरू?" टँटी मर्ल ओट्यावरून ओरडली. "परवाच पळालो की! माझे गुडघे काय सरकारी आहेत?"

लोक हसले. केझरिनही हसली, जरा जास्तच मोठ्याने.

"तालीम नाहीये, टँटी! आत्ता निरोप आलाय, डोंगर फुटणार आहे. होड्यांकडे चला, देवाशपथ!" ओरियलचा आवाज चिरकला. "केझ, तू तरी सांग ना..."

तेवढ्यात केझरिनच्या मांड्यांखालचा कठडा थरथरला. घास तिच्या हातातच राहिला.

ती घरात धावली. खुंटीवरून पपांचा शंख काढला. होडी मासळीने भरून आली की पपा किनाऱ्यावरून फुंकतात, तो. होड्यांपाशी उभी राहून ती गाल दुखेपर्यंत फुंकत राहिली.

सगळ्यात आधी आली टँटी मर्ल, परात घेऊन, चक्क पळत! मागोमाग अख्खं गाव, घमेली नि बादल्या वाजवत.

"कुठाय गं मासळी?"

केझरिनने मागे बोट दाखवलं. डोंगरावरचे ढग फाडून काळाकुट्ट लोट वर चढत होता. परात वाळूत पडली.

होड्या सुटल्यावर जो तो केझरिनची पाठ थोपटू लागला. ओरियल होडीच्या टोकाला बसली होती, भिजलेलं जॅकेट आवळून, शंखाकडे बघत. ती नजर केझरिनला ओळखीची होती. कितीतरी दिवस आरशात हीच दिसत होती.

वळणापलीकडच्या वाडीत माणसं अजून निवांत बसलेली.

"फुंक गं पोरी!" वल्हं मारता मारता पपा म्हणाले.

केझरिनने शंख उचलला, मग फ्रॉकला पुसून ओरियलपुढे केला.

"माझे ओठ सुजलेत," ती खोटंच म्हणाली. "तू फुंक."

पहिल्यांदा नुसती हवाच गेली.

"गाल फुगव ना, शहाणे!"

किनाऱ्यावर पहिलं घमेलं दिसलं.