चौथा प्रश्न: जमीन कोणी दिली?

सौंसरच्या आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाला ‘आपलं कॉलेज, आपलं राज्य’ ही प्रश्नमंजूषा ठरलेली. प्रश्नोत्तरांच्या चिठ्ठ्या मी लिहितो, कारण माझं अक्षर चांगलं. या अक्षराची मला आता शिसारी येते.

सन चौऱ्याऐंशी. चौथा प्रश्न होता, कॉलेजला जमीन कोणी दिली? उत्तर मी लिहिलं होतं, मोहगावच्या कलाबाईंनी. आदल्या दिवशी कॉलेज चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष भैय्याजी पान चघळत चिठ्ठ्या चाळून गेले.

"हे बदलून टाका, मोरेश्वरराव. जमीन समितीनं मिळवली. अन् समिती म्हणजे कोण? आपणच न?"

बोलता बोलता लाल थुंकी चिठ्ठीवर उडाली. मी ती पुसली नाही, नवी चिठ्ठीच घेतली. तिच्यावर सुरेख वळणदार ‘भैय्याजी’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कलाबाई पहिल्या रांगेत. त्यांची नात सुधा आमच्याकडे बी.ए.ला होती आणि स्पर्धेतही. "आजीले घेऊन ये, स्टेजवरून तिचं नाव निघणार हाय," असं मीच तिला आठवड्यापूर्वी सांगून बसलो होतो. म्हातारी नवं लुगडं नेसून, कान देऊन बसली होती.

पहिले प्रश्न मजेत गेले. कॉलेजची घंटा कशाची? रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याची. आवारात कडुनिंब किती? सतरा. भोपाळच्या आधी राज्याची राजधानी कोणती? "नागपूर!" सगळा मांडवच ओरडला. नागपूरचं नाव निघालं की आमच्याकडे टाळ्या पडतातच.

चौथ्याला सुधा उभी राहिली. "माह्या आजीनं दिली. कलाबाईनं."

परीक्षक खुद्द भैय्याजी. त्यांनी चिठ्ठी उघडली, स्वतःचं नाव वाचून लाजल्यासारखं केलं. किती किळसवाणं असतं ते लाजणं! मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

"तुम्हीच सांगा सर. बरोबर का चूक?"

"चूक," मी म्हणालो आणि भैय्याजींचं नाव वाचलं. पुन्हा टाळ्या पडल्या, नागपूरला पडल्या होत्या तेवढ्याच. सुधा माझ्याकडे पाहत उभीच राहिली.

शेवटी भैय्याजींनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. त्यांच्या बोटाचा चुना जिभेला लागला. तरी मी गिळला.

फाटकाशी कलाबाई थांबल्या होत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तर, मले लिवता-वाचता येत नाही, म्हून इचारून राहिली. दानपत्र तुमीच लिवलं होतं न जी?"

"हो."

"अन् माहा अंगठा धरून कागदावर कोनं दाबला होता?"

मीच. तेव्हा शाई जास्त झाली म्हणून माझ्या रुमालानं तो पुसलाही होता.

कलाबाईंनी तोच अंगठा माझ्यापुढे धरला.

"मंग आता कागदावरूनही पुसून द्या," त्या म्हणाल्या.